निपाणीच्या ग्राहकांच्या दोन स्टारना आमच्या बेळगावच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर. रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी तीन. इंजिनचं कंपनीचं ९.५ कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) आम्ही ९ वर आणलं आणि तवंदी घाटात ओव्हरटेकला गाडी उठत नाही. सकाळी इंजिन टकटक वाजतं. आणि जे काम कोल्हापुरात जाड हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला पातळ थर) टाकून निम्म्या पैशात झालं असतं, त्यासाठी आम्ही फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन गळ्यात मारले. टर्बो गाडीवाले इतरही हे वाचतात, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितो.

गाडी आमच्याकडे टोचन लावून आली होती. हेड तुमच्यासमोर उचललं. तिसऱ्या पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड तुटली होती आणि त्याच सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या पोर्सेलिनवर, मिरपुडीसारखे बारीक ठिपके होते. ते पिस्टनचंच वितळलेलं ॲल्युमिनियम. नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण वेळेआधी स्वतःहून भडकण्याचा, यापेक्षा स्पष्ट पुरावा नसतो. आधी कुणीतरी लॅपटॉप लावून बूस्ट (टर्बो इंजिनात जादा हवा ज्या दाबाने ढकलतं तो) वाढवून दिला होता; पिस्टन तेच, कॉम्प्रेशन तेच, पेट्रोल निपाणीच्या पंपावरचं तेच.

तुम्ही मागत होता १०.५, कारण नव्या टर्बो गाड्यांना तेवढं असतं. असतं, मान्य. पण त्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारतात. आत बाष्प होताना ते तिथली उष्णता ओढून घेतं, म्हणून नॉकिंग लांबतं. तुमच्या इंजिनात इंजेक्टर बाहेर पोर्टावर, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवर आहेत, तो फायदा फारसा मिळत नाही. त्यात बूस्ट १ बार. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथे हवेचा दाबच ०.९२ बारच्या आसपास. गेजवर तोच १ बार दिसत असताना पणजीत सिलिंडरकडे जाणारी हवा जास्त दाबाची असते, वर उकाडा. बेळगावच्या रस्त्यांवर न वाजणारं इंजिन मे महिन्यात गोव्याहून चोर्ला घाट चढताना वाजू शकतं. तुम्ही महिन्यातून दोनदा गोव्याला जाता हे तुम्हीच सांगितलं होतं. मी आकडा धरला तो त्या घाटासाठी.

आता गॅस्केट. तुमचं इंजिन १७८१ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला ४४५. कॉम्प्रेशन ९.५ असताना पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ५२.४ सीसी, ९ ला ५५.६. फरक अवघा ३.२ सीसी. तो गॅस्केटने भरायचा तर ते सुमारे ०.६ मिलिमीटर जाड लागतं. होतं की, स्वस्तातही होतं! पण पिस्टनचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांच्यात साधारण १ मिलिमीटरचीच फट हवी. त्या चिमट्यातून मिश्रण जोरात मध्ये ढकललं जातं आणि झटकन जळतं. फट १.६ झाली की जळणं मंदावतं आणि कडेला उरलेलं मिश्रण स्वतःहून पेट घ्यायला मोकळं. म्हणजे नॉकिंग टाळायला कॉम्प्रेशन उतरवायचं आणि नॉकिंगलाच वाट करून द्यायची. आम्ही ते ३.२ सीसी पिस्टनच्या माथ्यावरच्या खोलगट भागात घेतले, फट होती तेवढीच ठेवली. शिवाय तुटलेल्या कडेचा पिस्टन गॅस्केटने सांधला जात नाही. पिस्टन बदलावेच लागणार होते.

टकटक. हे पिस्टन २६१८ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. त्यात सिलिकॉन जवळपास नसतं, म्हणून मार सोसतात, पण तापल्यावर फुगतातही जास्त. कंपनीच्या ओतीव पिस्टनला बोअरमध्ये ०.०३ मिलिमीटर मोकळीक चालते, यांना ०.०८ हवी. उद्यमबागेत आमचं बोअरिंग-होनिंग करणारे मामा तर म्हणाले, ‘टर्बोला याच्या खाली मी बोअर करून देणार नाही बघा.’ थंडीत ती मोकळीक वाजते, इंजिन तापलं की आवाज बसतो. जास्त सिलिकॉनच्या ४०३२ मिश्रधातूचे पिस्टन घेतले असते तर आवाज कमी आला असता. १ बारला मी ते टाकले नाहीत. ‘थंड असताना वाजेल’ हे एस्टिमेटवर लिहिलेलं आहे, त्याखाली तुमची सही आहे.

राहिला दम. ९.५ चं ९ केल्याने ताकद जाते ती फार तर दीड-दोन टक्के, तेवढी सीटवर बसून कळत नाही. जाणवतं ते मोठं टर्बो. ते तुम्ही बाहेरून आणलंत आणि ‘हेच बसवा’ म्हणालात. त्याचा पंखा इंजिनाच्या ३,२०० आरपीएमच्या अलीकडे जोर धरत नाही. तवंदीला पाचव्यात २,००० वर ॲक्सिलरेटर दाबून काही होणार नाही, तिसरा टाका. त्यात सध्या रनिंग-इन (नवे पिस्टन बसेपर्यंत हळू चालवणं) चालू आहे, त्याच्या मॅपमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगमध्ये) बूस्ट ०.४ लाच बांधलेला आहे. पूर्ण बूस्टवर ही गाडी तुम्ही अजून चालवलेलीच नाही.

कॉम्प्रेशन मी वाढवून देणार नाही, पैसेही परत देणार नाही. १,००० किलोमीटर झाले की ऑइल बदलायला या, आदल्या रात्री गाडी आमच्याकडेच लावा. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करू. तापल्यावरही आवाज राहिला तर इंजिन आमच्या खर्चाने खोलतो. नाही राहिला तर त्याच दिवशी पूर्ण बूस्टचा मॅप टाकून तवंदीपर्यंत मी स्वतः शेजारी बसून येतो. जुने पिस्टनही पेटीत ठेवलेत, येताना घेऊन जा.