चार्जरला लावला की बंद पडत नाही हो!

अठरा दिवस. अठरा दिवस मी एकच वाक्य बोलत फिरत होतो की बाबांनो, फोन चार्जरला लावलेला असला की रिस्टार्ट होत नाही. आणि समोरचा प्रत्येक माणूस, मग तो टाय घातलेला असो नाहीतर तोंडात स्क्रू धरून बसलेला असो, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "सॉफ्टवेअर असणार."

अरे कसलं डोंबलाचं सॉफ्टवेअर!

फोन तीन वर्षांचा, साडेसोळा हजाराला घेतलेला. आधी आठवड्यातून एकदा बंद पडायचा, मग दिवसातून एकदा, मग असं झालं की कॅमेऱ्याला हात लावला की गेला, कॉल आला की गेला, मॅप लावला की सिग्नलला पोचायच्या आत कंपनीचा लोगो समोर हजर. मी पण हट्टी माणूस, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहून ठेवायला लागलो, किती वाजता, किती टक्के, काय चालू होतं. सहा दिवसांत चित्र स्वच्छ दिसलं. साठ टक्क्यांच्या वर सहसा काही नाही. चाळीसच्या खाली आला आणि काही जड काम सांगितलं की संपला. ३८ टक्के दाखवत असताना मेला, परत उठला तेव्हा ९ टक्के, चार्जरला लावला तर दोन मिनिटांत ३१. आता मी काही इंजिनियर नाही, पण ३८ चे ९ आणि ९ चे ३१ हा हिशोब किराणा दुकानदाराने केला असता तर त्याला आपण काय म्हटलं असतं?

यात कळस म्हणजे मेट्रो. आनंदनगरला चढलो, तिकीट अर्थातच फोनमध्ये क्यूआर, डेक्कनला उतरलो, गेटसमोर उभा राहिलो, ब्राइटनेस पूर्ण वाढवला की स्कॅन पटकन होईल, आणि त्याच क्षणी साहेबांनी मान टाकली. लोगो. मागे पंधरा माणसं. हा फोन चालू व्हायला दीड मिनिट घेतो, आणि ऑफिसच्या वेळेला मेट्रोच्या गेटवर दीड मिनिट म्हणजे काय असतं हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मागून एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "काका, बाजूला होता का जरा." मला काका म्हणाली याचं दुःख वेगळंच.

बरं, सल्ले. सल्ल्यांना पुण्यात तोटा नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले तांदळात ठेव. अहो, तो भिजलाच नाहीये! भाचा म्हणाला फॅक्टरी रिसेट मार. हल्ली फॅक्टरी रिसेट हा पूर्वीच्या एरंडेलासारखा झालाय, पोट दुखो की डोकं, आधी तो द्या. तरी मी जे करायचं ते सगळं केलं. सिम काढून बघितलं, मेमरी कार्ड काढून बघितलं, कव्हरमुळे पॉवरचं बटण दाबलं जातंय का म्हणून कव्हर काढून दोन दिवस उघडा वापरला, स्टोरेज मोकळं केलं, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र धरून त्या रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावर जाऊन कॅशे पुसला. सेफ मोडमध्ये एक अख्खा दिवस काढला, म्हणजे आपण टाकलेली सगळी अ‍ॅप्स बंद. तरी संध्याकाळी फोन गेलाच. म्हणजे कुठल्या अ‍ॅपचं काम नाही हे उघड झालं ना? माझ्यासारख्या अकाउंट्सवाल्याला झालं हो, पण ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांना होईना.

सर्व्हिस सेंटर अधिकृत. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार, सगळे एकाच माळेचे मणी. टोकन घेतलं, पन्नास मिनिटं बसलो. काउंटरवरच्या मुलाला कॅलेंडरवरचं सगळं एका कागदावर उतरवून दिलं, छान रकाने वगैरे पाडून. त्याने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझा टोकन नंबर लिहिला. खोटं वाटेल, पण खरंच. मग एका फॉर्मवर सही, डेटा गेल्यास आमची जबाबदारी नाही. मी म्हटलं अहो आधी बॅटरी तपासा. तर म्हणे, "सर, प्रोसेस असते. आधी सॉफ्टवेअर फ्लॅश करावं लागतं."

केलं फ्लॅश, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. सगळं साफ. फोटोंचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण ऑफिसच्या लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप गेलं, आयटीवाल्याच्या हातापाया पडावं लागलं. बँकेचं अ‍ॅप परत रजिस्टर करा, परत एसएमएस पाठवा, आणि पहिले २४ तास पाच हजाराच्या वर पैसे जात नाहीत, नेमकं त्याच दिवशी आईच्या औषधांचं आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल. आणि फोन? तिसऱ्या दिवशी, ३६ टक्क्यांवर, कॅमेरा उघडल्यावर. जिथे सोडला होता तिथेच.

दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले मदरबोर्ड. तेरा हजार आठशे. साडेसोळाच्या फोनला तेरा आठशेचा बोर्ड! परत तेच वाक्य म्हटलं, चार्जरला लावला की नाही हो पडत. तर तो मला संगणकाचा पडदा फिरवून दाखवतो, "सर, सिस्टीममध्ये बॅटरी हेल्थ गुड येतंय." अरे, ३८ वरून ९ वर कोसळणारी बॅटरी गुड असेल तर आमचा स्वारगेटचा चौक पण मोकळा आहे म्हणायचा.

यात गूढ काही नाहीये. लिथियमची बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध (रेझिस्टन्स) वाढतो, शांत बसली असताना व्होल्टेज ठीक दाखवते, पण कॅमेऱ्याने किंवा प्रोसेसरने एकदम करंट ओढला की व्होल्टेज धप्पकन खाली येतं आणि फोनला पुरेनासं होतं. चार्जर लावला की तो भार चार्जर उचलतो. संपलं. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने जाहीर कबूल केलं होतं की म्हाताऱ्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आम्ही ते मुद्दाम हळू करतो. एवढी जगजाहीर गोष्ट आहे ही. (माझ्या बॅटरीची वाट मीच लावली हेही मान्य. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या होल्डरला लावून मॅप आणि चार्जिंग एकत्र. फोन पापडासारखा तापायचा.)

मग बुधवार पेठेतली मोबाईल दुरुस्तीची दुकानं गाठली. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे मागच्या जन्मीचं पुण्य, म्हणून चालतच. पहिला दुकानदार म्हणाला पॉवर आयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) गेलाय, बोर्ड हीट करावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. फोन हातात घ्यायच्या आधीच म्हणाला हे! दुसरा म्हणाला सॉफ्टवेअर. मी उठलो. तिसऱ्याला मी काही सांगितलंच नाही, कंटाळलो होतो, फक्त म्हटलं बॅटरी बदलायची आहे. तो म्हणाला, "प्रॉब्लेम काय आहे पण?" मी म्हटलं प्रॉब्लेम सोडा, बॅटरी बदला. "तुम्ही म्हणताय म्हणून टाकतो, मला विचाराल तर सॉफ्टवेअर वाटतंय." चौदाशे रुपये, अर्धा तास. मागचं पॅनल हीटरवर गरम करून उघडलं तर जुनी बॅटरी अशी टम्म फुगलेली, अनारशासारखी. दोघंही बघत बसलो. तो म्हणाला, "हां, मग बॅटरीच."

हां, मग बॅटरीच!

(फोन मागून जरा वर आल्यासारखा वाटतोय हे बायको पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती. तो विषय इथे नको.)

नऊ दिवस झाले, एकदाही रिस्टार्ट नाही. आणि काल दुपारी सर्व्हिस सेंटरमधून फोन. आपल्याला आमची सेवा कशी वाटली? मी म्हटलं ताई, बसा, सांगतो, आणि अगदी पहिल्यापासून सुरू केलं, कॅलेंडर, टक्के, चार्जर...

"सर, एक ते दहामधला फक्त आकडा सांगा."