85 अंशांतला कांदा

निफाडच्या काकांना कांदाचाळीसाठी तापमापक करून देतो, असं मी एका लग्नाच्या पंगतीत बोलून गेलो. पानात जिलबी असताना माणसानं कुणाला शब्द देऊ नये.

काकांच्या अटी दोनच. "वायर नको, उंदीर कुरतडतात. अन् सेल सारखे बदलायला लावू नको." म्हणजे चाळीत दोन पेन्सिल सेल आणि चिमुकला रेडिओ, ओसरीवर लाल आकडे दाखवणारी डबी. मला यात काय अवघड? प्रोसेसरला झोपवणं आणि वेळेवर उठवणं, याचाच तर मला पगार मिळतो. (घरी मुलाच्या बाबतीत दोन्ही जमत नाही, ते सोडा.)

घेतला एसटीएम32एफ103 हा चिमुकला प्रोसेसर. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो जागा असला की 10 मिलिअँपिअर ओढायचा, स्टॉप मोडमध्ये, म्हणजे गाढ, झोपला की वीसेक मायक्रोअँपिअर (मिलिचा हजारावा भाग म्हणजे मायक्रो). 2000 मिलिअँपिअर-तासांचे सेल जागेपणी आठवडाभर पुरणार, झोपेत 11 वर्षं. अर्थात कागदावर, तोवर सेल म्हातारपणानंच जातील.

या चिपच्या पोटात तापमानाचा सेन्सर फुकट असतो आणि फुकटचं सोडणं आमच्या घराण्यात नाही. पण कंपनीचं रेफरन्स मॅन्युअल उघड सांगतं, की एका चिपपासून दुसरीपर्यंत त्याचा आकडा 45 अंशांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. एकीला महाबळेश्वर वाटतंय, शेजारणीला चंद्रपूर! शिवाय झोपण्यापूर्वी एडीसी, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग, आपण स्वतः बंद करायचा असतो, नाहीतर प्रोसेसर झोपतो आणि एडीसी वीज खात बसतो. मी विसरलो. मालक घोरतोय आणि गिझर चालू, अशा थाटात सेल संपले.

मग बाहेरून डीएस18बी20 लावला. सज्जन सेन्सर, अर्ध्या अंशाची चूक. फक्त 12 बिटांचं, म्हणजे सगळ्यात बारीक, उत्तर द्यायला 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. मिनिटाला एकदा विचारायचं आणि तेवढा वेळ प्रोसेसरनं जागं राहायचं, तर सरासरी 125 मायक्रोअँपिअर नुसते ताटकळण्यात जातात. झोपेच्या खर्चाच्या सहापट! मनात आलं, वाट बघतानाही झोपू द्यावं. आणि झोपायचंच, तर स्टॉप कशाला? त्याहून गाढ झोपेचा स्टँडबाय मोड आहे की, दोनेक मायक्रोअँपिअरवाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकांचा फोन.

"अरे, डबी 85 म्हणतीय. कांदे शिजले का काय?"

"हात लावून बघता का, काका?"

"लावला. गार हाय. मग मशीन कशाला बसवलं?"

या प्रश्नाला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

रात्री दोनला उलगडा झाला. सेन्सरला वीज मी प्रोसेसरच्याच एका पिनेवरून दिली होती, काटकसर म्हणून. स्टँडबायमध्ये गेला, की हा प्रोसेसर जवळपास सगळ्या पिना सोडून देतो. सेन्सर मोजता मोजता बेशुद्ध. प्रोसेसर उठला, पुन्हा वीज दिली, उत्तर मागितलं. आणि हा सेन्सर नुकताच चालू झाला असेल तर मोजमापाआधी त्याच्या वहीत 85च लिहिलेलं असतं. म्हणजे झोपेतून दचकून उठलेला मुलगा "पाढे पाठ आहेत" म्हणतो, त्यातलाच प्रकार. अठरा मायक्रोअँपिअर वाचवायला गेलो आणि काकांचे कांदे उकडले.

स्टॉप मोडवर परत आलो. काकांना म्हटलं, मिनिटाला एकदा मोजलं तर सेल लवकर जातील. ते म्हणाले, "कांद्याला कुठं गाडी पकडायचीय? दहा मिनिटांनी बघ की." महिनाभर मी कोडमध्ये जे शोधत होतो, ते ओसरीवर सुपारी कातरत निघालं.

मे महिन्यात पुन्हा फोन. "डबी बिघडली. 41 दाखवतीय."

"काका, ते खरं आहे."

जरा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

"मग ते 85च बरं होतं. खोटं तरी होतं."