साक्ष मागायची घाई नको

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कुणावर दुःख कोसळलं की आपण धावून जातो. हे मी अभिमानाने म्हणते. मयताच्या घरी डबा न्यायला, ससून रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर रात्र काढायला, दफनभूमीची धावपळ करायला पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

त्यानंतर आपण त्या दुःखी माणसाकडून काहीतरी मागायला लागतो: साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत सगळ्यांसमोर सांगणं. फार प्रेमाने मागतो. "ताई, येत्या रविवारी दोन शब्द साक्ष द्या ना. प्रभूने कसं सांभाळलं ते सांगा. मंडळीला उत्तेजन मिळेल."

माझ्या ओळखीच्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. काही आठवड्यांतच त्यांना पुढे बोलावलं गेलं. त्या उभ्या राहिल्या, जे बोलायचं असतं ते बोलल्या. देवाने दिलं, देवाने नेलं, त्याचं नाव धन्य. सगळे आमेन म्हणाले, पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्या उपासनेला यायच्या कमी झाल्या. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "एकदा साक्ष दिल्यावर पुन्हा मंडळीत रडायचं कसं?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं आपल्यापैकी कुणाकडेच नाही. ज्या दाराशी रडायला यायचं, ते दार आपणच बंद केलं होतं.

साक्षीला माझा विरोध नाही. मी स्वतः दुसऱ्यांच्या साक्षींवर वाढले आहे. कुणी सांगेल, दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा आभार मानायला परत न आलेल्या नऊ जणांबद्दल येशूने विचारलंच होतं. हो, विचारलं होतं. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. आणि याईराच्या मुलीची गोष्ट बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात परत एकदा सावकाश वाचा. बारा वर्षांची मुलगी, नुकतीच गेलेली. घरात रडारड, गर्दी. येशूने गर्दीला बाहेर काढलं. आत कोण राहिलं? आई, वडील आणि तीन शिष्य. मुलगी उठून चालायला लागली, आणि त्याने दोन गोष्टी सांगितल्या. हे कुणाला कळू देऊ नका. आणि हिला खायला द्या.

केवढा मोठा चमत्कार, आणि त्याला आठवण झाली ती पोरीच्या भुकेची! तिला अंगणात उभं करून लोकांना दाखवलं असतं तर सगळा गाव पाया पडला असता. त्याने तसं केलं नाही. खोलीत किती माणसं असावीत आणि बाहेर किती कळावं, हे त्याने त्या मुलीच्या बाजूने ठरवलं.

आता आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा. "अमुक बहिणीच्या घरातील शांतीसाठी प्रार्थना करा, पती व्यसनाधीन आहेत." नावासकट. तिला न विचारता. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. संध्याकाळपर्यंत खडकीपासून घोरपडीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, आणि तिच्या मुलाला दुसऱ्या दिवशी तरुण संघात मान खाली घालून बसावं लागतं. प्रार्थना करणाऱ्यांचं मन चांगलं असतं, यात मला शंका नाही. तरी त्या घराची अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडलेली असते.

दुःखी माणसाने लवकर बरं व्हावं, निदान बरं दिसावं, अशी आपली घाई असते, कारण त्याचं न संपणारं दुःख आपल्याला सोसत नाही. बायबलातलं ८८वं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत आक्रोश आहे आणि अंधाराशी येऊन थांबतं. शेवटी आभाराची ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवाने जे ऐकून घेतलं, ते आपल्याला पंधरा मिनिटं ऐकवत नाही.

पंडिता रमाबाईंचा अभिमान आपण सगळेच सांगतो. जरा त्यांच्या आयुष्याकडे या नजरेने बघूया. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. १८८२ साली पती गेला, पदरात लहानगी मनोरमा. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टरांनी त्यांना फुलहॅमचं आपलं आश्रयस्थान दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना त्या सिस्टर मायेने वागवत होत्या. हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू विहिरीपाशी एका परक्या बाईशी आपुलकीने बोलतो ती शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्ताकडे त्यांचं मन ओढलं गेलं त्यात या अनुभवाचा मोठा वाटा आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मग १८९६-९७चा दुष्काळ पडला. कोवळ्या वयात उपासमारीत आपली माणसं गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, आजारी मुली आणि बालविधवांना घेऊन आली. पुण्याजवळच्या केडगावला त्यांचं 'मुक्ती' हे आश्रयस्थान वाढत गेलं. तिथे विणकाम, शेती, छपाई शिकवली जायची. ज्यांच्याशी समाज बोलत नव्हता अशा बायकांसाठी कृपासदन होतं. वृद्ध, आजारी बायकांसाठी प्रीतिसदन. अंध मुलींनाही तिथे घर होतं, ब्रेल शिकवणारं कुणीतरी होतं. यातल्या कितीतरी जणी कधीच 'पूर्ण बऱ्या' होणार नव्हत्या. व्यासपीठावर आणून दाखवण्यासारखी गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. तरी त्यांची जागा पक्की होती.

आणि हेही सांगायला हवं. १८९३ साली रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेव्हापासूनचा एक संशय आजही आपल्या शेजाऱ्यांच्या मनात असतो: हे लोक मदत करतात ती काहीतरी हवं म्हणून. त्यावर कितीही वाद घातला तरी उपयोग नाही. पण आपण आपल्याच माणसांकडून दुःखाच्या बदल्यात साक्ष मागत असू, तर बाहेरच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की आम्हाला काही नको?

मार खाणाऱ्या बाईला 'देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये' हे वचन ऐकवून परत पाठवतात, ते मी पाहिलंय, आणि तेव्हा मला संताप आवरत नाही. बायकोला वाटेल त्या कारणाने टाकता येतं का, असं विचारणाऱ्या पुरुषांना येशूने ते उत्तर दिलं होतं. बायकोला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना अडवणारं वचन आपण त्याच बाईच्या अंगावर फेकतो. वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांची 'माहेर' संस्था १९९७ साली सुरू झाली, तिच्यामागे अशीच एक गरोदर बाई आहे. ती आसरा मागायला आली होती, तिला उद्या यायला सांगितलं गेलं, आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. सिस्टर लुसी हे स्वतः सांगतात. अशा बाईने दार वाजवलं तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आपल्या पाळकांच्या आणि महिला मंडळाच्या फोनमध्ये असायलाच हवा.

तसंच मनाच्या आजाराचं. 'गोळ्या सोड, विश्वास ठेव' असं कृपा करून कुणी कुणाला सांगू नका. डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या तर माणूस जिवावरच्या संकटात सापडू शकतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मोफत आहे.

आमच्या मंडळीच्या पुढच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. ज्याचं दुःख आहे त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय ग्रुपवर त्याचं नाव जाणार नाही. साक्षीसाठी कुणाला विचारायचं नाही, ज्याला द्यायची तो आपणहून येईल. आणि मयतानंतर तीन महिने, सहा महिने, वर्ष झाल्यावर त्या घरी कोण जाणार, हे आधीच ठरवून लिहून ठेवायचं. जाताना पवित्र शास्त्र न्या, पण ते उघडण्याआधी घरात आज काय शिजलंय ते विचारा.

तुमच्या मंडळीत असं काही आधीच सुरू असेल तर खाली लिहा. सभेत दाखवायला मला उपयोग होईल. जय ख्रिस्त.