घेताना नेट लागत नाही, देताना लागते

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांसाठी बनवलेला नवा चष्मा मंगळवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी आमच्या इमारतीत आला आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या नाकावर चढला. मधले चार दिवस तो आमच्या घरापासून अकरा मजले खाली, पार्किंगमधल्या एका पोलादी कप्प्यात बंद होता, आणि बाबा हातात भिंग घेऊन वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचत होते. चष्मा हरवला नव्हता, चोरीला गेला नव्हता, चुकीच्या पत्त्यावरही गेला नव्हता. तो त्या कप्प्यात आहे हे मान्य करायला मात्र एकही यंत्रणा तयार नव्हती.

आमच्या ऐरोलीतील सोसायटीने गेल्या दिवाळीच्या आधी सव्वादोन लाख रुपये मोजून ३६ कप्प्यांचा पार्सल लॉकर बसवून घेतला. गेटवर खोक्यांचा ढीग साचतो, वॉचमनकाकांच्या टेबलाखाली कोणाचे काय पडले आहे ते कळत नाही, ही तक्रार जुनीच होती. सर्वसाधारण सभेत ठराव आला तेव्हा मीही हात वर केला होता, हे आधीच कबूल करते. मी महापे येथे गेली १८ वर्षे नेटवर्किंगचेच काम करते आहे, त्यामुळे ‘कनेक्टिव्हिटीची जबाबदारी ग्राहकाची राहील’ हे करारातील वाक्य निदान माझ्या नजरेतून तरी सुटायला नको होते. ते सुटले, आणि म्हणूनच या संतापात थोडा वाटा स्वतःवरच्या रागाचाही आहे.

त्या मंगळवारी काय झाले ते आधी सांगते. कुरिअरच्या मुलाने मला कार्यालयात फोन केला आणि ‘मॅडम, ओटीपी सांगा, लॉकरमध्ये ठेवतो’ म्हणाला. मी त्याच्या कंपनीचा ओटीपी सांगितला, त्याने आपल्या मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद केली, लॉकरच्या पडद्यावर आमचा फ्लॅट क्रमांक टाकला, १४ क्रमांकाचा कप्पा उघडला, त्यात खोके ठेवले आणि दार लावून तो निघून गेला. यानंतर लॉकरकडून मला दुसरा ओटीपी यायला हवा होता, जो टाकल्यावर तो कप्पा उघडतो. तो आला नाही. रात्री आला नाही, बुधवारी आला नाही. पडद्यावर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढेच वाक्य झळकत राहिले.

संपर्क होणार तरी कसा? ज्या मोबाइल राउटरवर या लॉकरचे सगळे इंटरनेट अवलंबून आहे, तो राउटर अँटेनासकट लॉकरच्या पोलादी पेटीच्या आत ठेवलेला आहे. धातूच्या बंद पेटीत विद्युतक्षेत्र शिरत नाही हे मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये दाखवून दिले होते. आमच्या पुरवठादारापर्यंत ती बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही. ही पेटी पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या काँक्रीटच्या चौथऱ्याच्या खाली, लिफ्टच्या काँक्रीट भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यापासून जेमतेम दहा फुटांवर सीसीटीव्हीसाठी ओढलेली फायबरची जोडणी आहे आणि तिच्या स्विचमध्ये, म्हणजे ती जोडणी वाटून देणाऱ्या खोक्यात, केबल जोडायच्या तीन जागा रिकाम्या आहेत. एक केबल टाकू द्या, असे मी दोनदा लेखी विचारले, तेव्हा ‘आमच्या प्रमाणित रचनेत हे बसत नाही’ असे उत्तर आले. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातील मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, त्यांच्या चिलरची, म्हणजे थंडावा देणाऱ्या यंत्रांची, घरघर रात्री रस्त्यावर ऐकू येते, आणि त्यांच्या शेजारी राहून आमच्या लॉकरला ‘रेंज’ मिळत नाही.

त्यातही मंगळवारी रेंजचा प्रश्न नव्हताच. त्या दिवशी सिमचा रिचार्ज संपला होता. यंत्रांसाठी १३ अंकी क्रमांकांची वेगळी सिम २०१८ पासून उपलब्ध असताना या महाशयांनी दुकानात मिळते तसे साधे प्रीपेड सिम घातले, ज्याची मुदत २८ दिवसांची असते, म्हणजे वर्षाला १३ वेळा कोणीतरी आठवणीने रिचार्ज करायचा. तो कोणी करायचा, याचे उत्तर करारातील त्याच एका वाक्यात दडलेले होते. आमच्या सेक्रेटरींना तो सिमचा क्रमांकसुद्धा कोणी दिला नव्हता. शुक्रवारी दुपारी तो मिळाला तेव्हा कुठे रिचार्ज झाला.

नेटवर्क जाणे मी समजू शकते. जगात सगळीकडे जाते. ते जाणार हे गृहीत धरून यंत्रणा बांधणे हेच तर आमचे काम असते. एमक्यूटीटी नावाची संदेशवहनाची पद्धत १९९९ मध्ये तयार झाली ती तेलवाहिन्यांवर दूर कुठेतरी बसवलेल्या उपकरणांसाठी, जिथे उपग्रहाची महागडी आणि बेभरवशाची जोडणी एवढाच आधार होता. समोरून पोच येईपर्यंत संदेश जवळ ठेवायचा आणि पुन्हा पाठवायचा, ही सोय तिच्यात पहिल्यापासून आहे. आमच्या लॉकरमध्येही हीच पद्धत वापरली आहे, असे त्यांच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे. प्रत्यक्षात ‘१४ क्रमांकात पार्सल ठेवले’ ही नोंद लॉकरने केवळ तात्पुरत्या मेमरीत ठेवली होती. मंगळवारी संध्याकाळी वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत लॉकर बंद पडून पुन्हा चालू झाला आणि ती नोंद पुसली गेली. कप्प्यात वस्तू आहे की नाही हे सांगणारा सेन्सर त्यात नाही. दार लागले आहे की नाही एवढेच कुलपातला छोटा स्विच सांगतो. दार लागलेले होते. लॉकरच्या आणि पुढे सर्व्हरच्या लेखी कप्पा रिकामा होता, आणि रिकाम्या कप्प्याचा ओटीपी कोण कशाला पाठवेल?

माझ्या डोक्यात तिडीक जाते ती या रचनेतल्या एका निर्णयामुळे. नेट नसताना पार्सल आत घ्यायला या लॉकरची काहीच हरकत नसते. बाहेर द्यायचे म्हटले की ओटीपी सर्व्हरवर तपासल्याशिवाय तो हलत नाही. हे अपघाताने झालेले नाही, कोणीतरी शुद्धीवर असताना असे ठरवले आहे. नेटशिवाय, केवळ घड्याळावर चालणारे ओटीपी २०११ पासून खुल्या मानकात उपलब्ध आहेत. बँकांची आणि ईमेलची ॲप दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे दाखवतात ते त्याच मानकावर. जर्मनीच्या टपाल कंपनीने अशी पार्सलकपाटे २००१ मध्ये सुरू केली आणि आता तर त्यांची काही कपाटे बिनपडद्याची आहेत, ग्राहकाचा मोबाइल ब्लूटूथने थेट त्यांच्याशी बोलतो. आमच्याकडे मोठा रंगीत पडदा आहे, त्यावर दिवसभर गृहकर्जाच्या जाहिराती फिरतात. जाहिराती आतच साठवलेल्या असल्यामुळे त्यांना नेट लागत नाही.

एसएमएसचा गोंधळ आणखी वेगळा. जानेवारीत नऊ दिवस कोणालाच ओटीपी येत नव्हते, कारण पुरवठादाराने संदेशात आमच्या सोसायटीचे नाव घातले आणि बदललेला मसुदा दूरसंचार कंपन्यांकडे नोंदवलाच नाही. नोंदणी नसलेला मसुदा वाटेतच अडवला जातो, हा नियम या धंद्यातल्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असतो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी प्रत्यक्ष लागू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते आणि ट्राय या दूरसंचार नियामकाला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली होती. इतका गाजलेला धडा समोर असताना आम्ही नऊ दिवस ‘ॲप अपडेट करून पाहा’ हे ऐकत होतो. शेवटच्या रांगेतली दारे लहर लागली तरच उघडतात, त्याबद्दल इथे लिहीत नाही; सगळ्या कुलपांना जोडणारी तार दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावून संपवायची असते, एवढे सांगितले तरी जाणकारांना कळेल.

खरा मुद्दा मात्र तारांचा नाही. लॉकर विकणाऱ्याने आम्हाला ‘सर्व कुरिअर कंपन्यांशी जोडलेला’ लॉकर विकला, आणि सहा महिन्यांनी खोदून विचारल्यावर कळले की तो एकाही कंपनीशी जोडलेला नाही. जोडणे म्हणजे काय, हे सभेत कोणीच विचारले नव्हते. पार्सल कप्प्यात पडताच लॉकरच्या सर्व्हरने कुरिअरच्या सर्व्हरला तसे कळवायचे, तिथे त्या पार्सलच्या क्रमांकापुढे ‘लॉकरमध्ये ठेवले’ अशी नोंद व्हायची आणि मी ते बाहेर काढल्यावरच ‘पोहोचले’ असे व्हायचे, याला जोडणे म्हणतात. त्यासाठी प्रत्येक कुरिअरची एपीआय, म्हणजे त्याच्या सर्व्हरशी बोलण्याची ठरलेली पद्धत, वेगळी, प्रत्येकाच्या स्थितींची नावे वेगळी, परवानग्या वेगळ्या, आणि कोणाच्या सर्व्हरने वेळेवर उत्तर दिले नाही तर काय करायचे तेही ठरवावे लागते. हे कंटाळवाणे, न दिसणारे काम आहे, त्याचे छायाचित्र माहितीपत्रकात छापता येत नाही, म्हणून ते कोणी केलेच नाही. परिणाम असा की डिलिव्हरीच्या मुलाला आपल्या मोबाइलवर एकदा आणि लॉकरच्या पडद्यावर पुन्हा एकदा तीच माहिती भरावी लागते. दिवसभर मोटारसायकलवर उन्हातान्हात फिरणारा तो मुलगा हे दुहेरी काम कशासाठी करील? बहुतेक जण खोके वॉचमनकाकांच्या टेबलावर ठेवतात आणि पुढे जातात. मी त्यांना दोष देत नाही. जो प्रामाणिकपणे लॉकर वापरतो त्याच्यामुळेच माझ्या बाबांचा चष्मा अडकला, हा यातला सर्वांत चीड आणणारा भाग आहे.

तक्रारींचे चक्र ठरलेले होते. कुरिअर कंपनी म्हणाली की ग्राहकाने ओटीपी दिला असल्यामुळे वस्तू पोहोचली आहे. लॉकर कंपनी म्हणाली की त्यांच्या नोंदीप्रमाणे कप्पा रिकामा आहे. हाताने दार उघडण्याची किल्ली आहे का, असे विचारले तेव्हा ती भिवंडीच्या गोदामात असल्याचे कळले, आणि रिकामा कप्पा उघडण्यासाठी माणूस पाठवता येत नाही, असे तिथल्या सद्गृहस्थांनी मला अत्यंत नम्रपणे समजावून सांगितले. भिवंडी ऐरोलीपासून काही परदेशात नाही, मी स्वतः येऊन किल्ली घेऊन जाते, असे म्हटले, तर ते सुरक्षेच्या धोरणात बसत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे एक पार्सल आले. रिचार्ज झालेला असल्यामुळे लॉकर शहाण्यासारखा वागत होता. त्याने आपल्या हिशेबाने रिकामा असलेला एक कप्पा उघडून दिला आणि तो नेमका १४ क्रमांकाचा निघाला. आत आधीच एक खोके आहे हे पाहून त्या मुलाने वॉचमनकाकांना हाक मारली, त्यांनी खोक्यावरचे नाव वाचले आणि इंटरकॉमवरून मला खाली बोलावले. चार दिवस माझ्यासाठी न उघडलेले दार दुसऱ्याच कोणाच्या पार्सलसाठी एका बोटाच्या स्पर्शाने उघडले होते.

सोमवारी सकाळी लॉकर कंपनीचा ईमेल आला. त्यांनी नोंदी तपासल्या होत्या, १४ क्रमांकाच्या कप्प्यात मंगळवार ते शुक्रवार या काळात कोणतेही पार्सल ठेवलेले आढळले नव्हते, आणि त्यामुळे माझी तक्रार निकाली काढण्यात आली होती. तो ईमेल बाबांनी नव्या चष्म्यातून मला मोठ्याने वाचून दाखवला.