आधी कोणाला उचलायचं?

नागनाथ पाराजवळ चहा सांगितला तोच शिऱ्यानं पेपर आपटला. "बायकोनं छळाची तक्रार केली, तरी नवरा अजून घरीच! नुसती नोटीस! पूर्वी छळाची ४९८ लागली की अख्खं घर आत जायचं."

"तेव्हा पुरुषांवर अन्याय म्हणून तूच बोंबलायचास," मेधा म्हणाली.

ती कौटुंबिक कोर्टात वकिली करते. शिऱ्या फक्त मोठ्यानं बोलतो.

"सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानंतर सरसकट अटक थांबली, ते बरंच झालं," मेधा सांगू लागली, " परगावच्या नणंदाही आत जायच्या. पण आता नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, ज्या ३५ कलमाखाली नोटीस देतात, त्यातच लिहिलंय की पुन्हा गुन्हा करेल, साक्षीदाराला धमकावेल असं दिसलं तर अटक करता येते. इथे साक्षीदार कोण? तीच. राहते कुठे? त्याच्याच घरात. अटक का केली नाही हेही लेखी द्यायचं असतं. मागतं कोण?"

"अमेरिकेत बरं," पक्या म्हणाला, "फोन केला की बेड्या."

"सगळीकडे नाही. आणि अटकेची सक्ती केली तिथे पोलीस दोघांनाही न्यायला लागले. मग मुख्य हल्लेखोर कोण ते बघा, असं बऱ्याच राज्यांना कायद्यात घालावं लागलं. अरे, गळा दाबला तर तिच्या मानेवर कधीकधी काहीच दिसत नाही. सुटायला धडपडताना तिनं मारलेली नखं मात्र त्याच्या मनगटावर लगेच दिसतात. हवालदार काय बघणार? इथेही तेच. क्रॉस एनसी, म्हणजे दोघांचीही एकमेकांविरुद्ध अदखलपात्र तक्रार, घ्यायची, दोघांना समज द्यायची, जा घरी."

मला हे शंभर टक्के पटलं. चौकीत दोघं समोर आले की बाईला बाजूला नेऊन आधी विचारायला हवं, आज रात्री घरी जायची भीती वाटते का? जखमा मोजणं त्यानंतर.

शिऱ्या फणकारला, "पोलिसांना काय मनातलं ओळखता येतं?"

"गणपतीची वर्गणी कोणी बुडवली ते तुला बरं ओळखता आलं!"

"पक्यानं बुडवली!"

"पावती दाखव!" पक्या उठलाच.

"अटक करा याला!"

मेधानं शांतपणे विचारलं, "पुन्हा गुन्हा करेल?"

"दरवर्षी करतो!"

"साक्षीदाराला धमकावतोय?"

"आत्ताच धमकावलं की!"

"मग कारणं लेखी दे आणि उचल."

हसून हसून पक्याचा चहा सांडला, आणि दुसऱ्या कपाचे पैसे कोण देणार यावर नवीन भांडण सुरू झालं.