‘सगळं ऑनलाइन आहे’: अमेरिकन इतिहासापुरतं तपासून पाहू

अमेरिकन इतिहासाच्या विद्यार्थ्यांत एक संदेश सारखा फिरतो: ‘ग्रंथालयात जायची गरज नाही. मूळ कागदपत्रं सगळी ऑनलाइन आहेत. शब्द टाकला की सापडतं, नाही सापडलं तर नव्हतंच. पैसे मागणारे डेटाबेस म्हणजे लूट.’

आधी ‘सगळी’ पाहू. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेकडे, १,३०० कोटींहून अधिक कागदी पानं आहेत. २०२२ ते २०२६ च्या आराखड्यात संस्थेनं स्वतःच ठेवलेलं डिजिटायझेशनचं उद्दिष्ट ५० कोटी पानांचं. ते पूर्ण झालं असं धरा, तरी शंभरात चार पानंही होत नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे जुन्या वर्तमानपत्रांचं भांडार उत्तम आणि खरोखर फुकट आहे, पण ते १९६३ ला थांबतं. १९७० च्या दशकातलं वॉटरगेट प्रकरण तिथे शोधणं व्यर्थ. त्याआधीचीही सगळी वर्तमानपत्रं त्यात नाहीत; कोणती घ्यायची ते राज्याराज्यातल्या संस्था निवडतात. अमेरिकेत निघालेल्या वर्तमानपत्रांची १६९० पासूनची सूची याच लायब्ररीकडे आहे. कोणते अंक कुठल्या ग्रंथालयात, कागदावर की मायक्रोफिल्मवर (पानांचे छोटे फोटो असलेल्या फिल्मवर), हे तिच्यात कळतं. शोध तिथून सुरू करावा.

‘शब्द टाकला की सापडतं’ या समजुतीनं सर्वांत जास्त नुकसान होतं. तुमचा शब्द छापील पानात शोधला जात नाही, यंत्रानं त्या पानाचं जे वाचन केलं त्यात शोधला जातो. शाई पसरलेली, फिल्म खरवडलेली, अरुंद स्तंभात शब्द तुटून दोन ओळींत गेलेला, की वाचन चुकलंच. १८०० च्या आधीच्या छपाईत ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’ असे. यंत्र त्याला ‘एफ’ समजतं, म्हणून ‘काँग्रेस’च्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या दोन ‘एस’पैकी पहिला ‘एफ’ होऊन बसतो. उपाय सोपा आहे: हाती लागलेल्या एखाद्या पानाचा यांत्रिक मजकूर उघडा, शब्द कसा बिघडलाय ते पाहा आणि तो बिघडलेला शब्दही शोधा. तरीही नाही मिळालं, तर राज्य आणि तारीख ठरवून पानं एकेक करून चाळा. कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट नाही.

शब्दही त्या काळचा हवा. १९१५ च्या अंकात ‘पहिलं महायुद्ध’ कसं मिळेल? ‘युरोपियन वॉर’ टाका. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तिथे त्यांचं आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं आढळतं. आज रूढ असलेलं स्पेलिंग टाकून बसलात, तर त्या अमेरिकेत गेल्याच नव्हत्या असं वाटेल.

यंत्राच्या चुकीच्या वाचनाच्या बाबतीत ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ विश्वासाचं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची पत्रं तिथे संपादकांनी उतरवून घेतलेली आहेत. फक्त मूळचं वेडंवाकडं स्पेलिंग बहुधा तसंच ठेवलेलं असतं.

‘नाही सापडलं म्हणजे नव्हतं’ हे तर घातकच. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक तक्ते १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत. १९७३ मध्ये सेंट लुईस इथल्या आगीत सैनिकांच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या, आणि त्यांच्या प्रती काढलेल्या नव्हत्या. काही कागद आहेत पण बंद आहेत: जनगणनेतली नावं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला झाली, १९६० ची २०३२ मध्ये होईल.

राहिली लूट. शुल्क जबर असतं, तक्रार रास्त आहे. पण पैसे भरूनही लेख मिळेलच असं नाही: ‘अमेरिका: हिस्टरी अँड लाइफ’ हा डेटाबेस मुळात लेखांची सूची आणि सारांश देतो. उलट १८०० पूर्वीच्या अमेरिकी छपाईच्या ‘इव्हान्स’ संग्रहातले सुमारे ५,००० ग्रंथ माणसांनी टंकून सर्वांना खुले केलेले आहेत. जेस्टोर या संशोधन-लेखांच्या संग्रहावर वैयक्तिक खातं फुकट उघडून महिन्याला १०० लेख स्क्रीनवर वाचता येतात. डाउनलोड करता येत नाहीत, तेव्हा टिपणं आणि पृष्ठांक तिथल्या तिथे लिहून घ्या.