जिथे भाडं भरतो, तिथलं मत

१५ जानेवारी २०२६ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. मुंबईत याआधीची निवडणूक २०१७ची, आणि मार्च २०२२पासून तिथला कारभार प्रशासकाकडे होता. इतक्या वर्षांनी निवडणूक होतेय म्हटल्यावर रस्ते, पाणी, कचरा यांवर बोलणं व्हायला हवं होतं. झालं ते बरंचसं मतदार याद्यांवरच. १ नोव्हेंबर २०२५ला मुंबईत विरोधी पक्षांनी ‘सत्याचा मोर्चा’ काढला तो याद्यांमधल्या घोळावरून, आणि तेव्हापासून ‘दुबार मतदार’ हा शब्द घरोघरी पोचला.

याद्यांमध्ये कुणी लबाडी केली असेल तर ती शोधून काढलीच पाहिजे. पण दुबार नावांमध्ये आमच्या नात्यातलेही काहीजण आहेत, आणि ते लबाड नाहीत. अर्धं आयुष्य डोंबिवलीत काढलेला, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता गावी जाणारा कोकणी चाकरमानी आहे तो. गावच्या यादीतलं नाव काढायचं म्हणजे गावच्या घरावर पाणी सोडल्यासारखं वाटतं त्याला. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असावं असा कायदा आहे आणि तो योग्य आहे. मनाला ते पटवणं मात्र कठीण जातं.

ही गावची ओढ मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रोज बघते. ईस्ट फ्लॅटबुशमधल्या आमच्या इमारतीत जमैका, हैती, त्रिनिदाद, ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट अशा कॅरिबियन देशांतून आलेली कुटुंबं राहतात. बहुतेकांच्या दाराशी, जिन्याखाली कुठेतरी एक निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं असतं. त्याला सगळे ‘बॅरल’ म्हणतात. पगार झाला की त्यात तांदळाची एक पिशवी पडते, मग तेलाचे डबे, साबणाच्या वड्या, भाच्याचे शाळेचे बूट. पिंप भरलं की झाकण ठोकून जहाजाने गावी रवाना होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटी जमैकातल्या सेंट एलिझाबेथच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजारी आईवडिलांची सेवा करायचं काम त्यांनी केलं. त्या पैशातून गावाकडे घर बांधलं, खोलीमागून खोली. फोनवर त्या घराचे फोटो दाखवतात, त्यात स्लॅबमधून लोखंडी सळ्या वर आलेल्या दिसतात. वरचा मजला चढवायचा आहे म्हणून त्या तशाच ठेवलेल्या.

आंटींकडे ग्रीन कार्ड आहे, कित्येक वर्षांपासून. नागरिकत्वाचा अर्ज त्यांनी कधी केला नव्हता. विचारलं की म्हणायच्या, ‘पुढच्या वर्षी घरीच जायचंय, कशाला ती कटकट?’

३ सप्टेंबर २०२५ला जमैकात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि पंतप्रधान अँड्र्यू होलनेस लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकले. त्या रात्री आंटी उशिरापर्यंत रेडिओला कान लावून बसल्या होत्या. पण मत त्यांना तिथेही नव्हतं, कारण जमैकाच्या निवडणुकीत परदेशात बसून मतदान करता येत नाही. दोन देशांना आपल्या कष्टांवर पोसणारी ही बाई, आणि दोन्हीकडे तिचं मत शून्य. मला हे सहन होत नाही, म्हणून हा लेख.

दुहेरी नागरिकत्वाच्या बाबतीत आपली आणि यांची गोष्ट वेगळी आहे, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. भारताचा नागरिक दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, मताचा हक्क मिळत नाही. मी ती किंमत मोजली आहे आणि पासपोर्ट परत करताना मला खूप जड गेलं होतं. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, गयाना या देशांत मात्र दुहेरी नागरिकत्व चालतं. आंटींना काहीच सोडायचं नव्हतं. सेंट एलिझाबेथचं घर, जमैकाचा पासपोर्ट, सगळं जागच्या जागी राहणार होतं. तरी अर्ज राहून गेला, आणि असे राहून गेलेले अर्ज आमच्या आसपास घरोघरी आहेत.

इथल्या मताने काय फरक पडतो, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. न्यूयॉर्क तर डेमोक्रॅट पक्षाचंच, मग निकाल ठरलेलाच की! तो ठरतो खरा, पण जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात. २०२१च्या प्रायमरीत एरिक अॅडम्स महापौरपदाची उमेदवारी जिंकले ते ७,१९७ मतांनी. ऐंशी लाखांहून मोठ्या वस्तीच्या शहरात! एवढी माणसं आमच्या चर्च अॅव्हेन्यूच्या आजूबाजूच्या काही गल्ल्यांत सापडतील. आणि महापौर काय करतो? आंटींच्या घराचं भाडं यंदा किती वाढणार हे जे नऊ जणांचं मंडळ ठरवतं, त्या नऊच्या नऊ जणांना महापौर नेमतो. सुमारे दहा लाख भाडेनियंत्रित घरांचा हा प्रश्न आहे. हे सांगितलं तेव्हा आंटी पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बसल्या.

दुसरं उदाहरण सांगताना माझा आवाज अजून कापतो. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने शहर बुडालं. न्यूयॉर्क शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरात राहणारी. बहुतेक शहराच्या क्वीन्स भागातली, स्थलांतरित कुटुंबांतली. तळघरातल्या खोल्या कायदेशीर कराव्यात का, त्यांना दुसरा दरवाजा सक्तीचा करावा का, कुठल्या भागातलं गटार आधी मोठं करायचं, हे सगळं सिटी कौन्सिल आणि राज्याचं विधिमंडळ ठरवतं. २६ जुलै २००५ ज्यांनी मुंबईत पाहिला, त्यांना नाले आणि नगरसेवक यांचं नातं वेगळं समजवायला नको. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसतं याची चर्चा जगभर होते. तळघरात पाणी शिरतं ते मात्र वॉर्डाच्या राजकारणामुळे.

कॅरिबियन समाजाने हे पूर्वी ओळखलं होतं, म्हणून तर मला आजची मरगळ जास्त टोचते. शर्ली चिझम ब्रुकलिनच्या. आई बार्बाडोसची, वडील गयानात जन्मलेले. १९६८ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि १९७२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी राहिली. १९६५ साली देशात दोन मोठे कायदे झाले होते. एकाने कृष्णवर्णीयांच्या मताचं संरक्षण केलं, दुसऱ्याने कॅरिबियन आणि आशियाई लोकांना इथे येण्याची दारं मोकळी केली. आपण भारतीयही त्याच दाराने आलो. पुढे १९९१मध्ये सिटी कौन्सिलच्या जागा ३५वरून ५१ झाल्या, नवे मतदारसंघ आखले गेले आणि त्यातून जमैकात जन्मलेल्या युना क्लार्क निवडून आल्या. त्यांची मुलगी इव्हेट क्लार्क २००७पासून काँग्रेसमध्ये आमची प्रतिनिधी आहे. हैतीत जन्मलेले मॅथ्यू युजीन २००७मध्येच कौन्सिलवर गेले. नवी रेषा आखली जाते तेव्हा तिथे मोजण्यासारखे मतदार असतील तरच असं घडतं.

याची उलट बाजू क्वीन्समधल्या रिचमंड हिलमध्ये दिसते. गयाना-त्रिनिदादहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची ही वस्ती. लिबर्टी अॅव्हेन्यूवर साड्यांची, मिठायांची, देवांच्या मूर्तींची दुकानं आहेत. १८३८पासून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून जहाजांतून नेलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. तिथले एक वृद्ध त्रिनिदादी गृहस्थ मी मराठी आहे कळल्यावर १९७१च्या मालिकेत गावस्करांनी काढलेल्या ७७४ धावांबद्दल इतकं भरभरून बोलले, की घरी परतायला रात्र झाली. या वस्तीचे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मतदारसंघांत तुकडे केले गेले, त्यामुळे एकगठ्ठा आवाज तयार झाला नाही. तरी त्यांनी नेटाने पाठपुरावा केलेली एक मागणी २०२३मध्ये मान्य झाली: न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी. आज ती सुट्टी आपली मराठी मुलंही घेतात. त्यासाठी वर्षानुवर्षं नेटाने झटणाऱ्यांत हे लोक पुढे होते, हे आपल्या मंडळांच्या फराळाच्या कार्यक्रमांत एकदा तरी मोठ्याने सांगायला हवं.

ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही त्यांनी काय करायचं? २०२१ अखेरीस शहराने एक कायदा केला होता. ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्या सुमारे आठ लाख रहिवाशांना फक्त शहराच्या निवडणुकीत मत देता यावं, असा. मार्च २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मला तो कायदा हवा होता, पण निकाल अंतिम आहे. आता वाट एकच, नागरिकत्वाची. आणि नागरिक नसताना चुकूनही मतदार नोंदणीवर सही करू नये, अगदी गाडीचा परवाना काढताना कागद समोर आला तरी. त्यापायी देश सोडायची वेळ येऊ शकते.

अर्जाची फी ऑनलाइन ७१० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर सवलत मागता येते. ऑक्टोबर २०२५पासून परीक्षाही वाढली: १२८ प्रश्नांच्या यादीतून जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. सिटी युनिव्हर्सिटीचा ‘सिटिझनशिप नाऊ’ कार्यक्रम अर्ज भरायला फुकट मदत करतो. पैसे घेऊन फॉर्म भरणाऱ्या गल्लीतल्या दुकानांपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

मुंबईतल्या ‘बाहेरच्यांच्या मतां’वरचा वाद मी आता वेगळ्या कानांनी ऐकते. आंटींनी ब्रुकलिनमध्ये मत द्यावं असा मी हट्ट धरत असेन, तर जौनपूरहून येऊन मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्याचं मत मुंबईत नको असं मला म्हणता येणार नाही. तो जिथे राहतो तिथलं पाणी, तिथली शाळा, तिथला दवाखाना त्याला लागतो. त्याने मराठी शिकावी ही अपेक्षा मला रास्त वाटते आणि ती मी सोडणार नाही. पण मत हे भाषेच्या परीक्षेचं बक्षीस नाही. न्यूयॉर्कमध्ये काही मतदान केंद्रांवर हैतीच्या क्रिओल भाषेचे दुभाषे शहर स्वतः बसवतं, आणि त्याने इंग्रजीचं काही बिघडलेलं नाही.

अमेरिकेतल्या मराठी नागरिकांशी मला याहून कडक बोलायचं आहे. मुंबईचा महापौर मराठी असावा की नाही यावर आपण रात्र-रात्र वाद घातले. ज्या शहरात आपली मुलं शाळेत जातात, तिथल्या कौन्सिल सदस्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? आंटींनी तर अर्जच केला नव्हता. आपण पासपोर्ट सोडून हे मत घेतलं आणि कपाटात ठेवलं. नोव्हेंबर २०२५मध्ये कंपालात जन्मलेला, २०१८मध्ये नागरिक झालेला जोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आला, कारण वीस लाखांहून जास्त लोक मतदानाला आले. त्याआधी २०२१मध्ये नोंदणी झालेल्यांपैकी पाव मतदारही आले नव्हते.

२८ ऑक्टोबर २०२५ला, इथे आगाऊ मतदान चालू असतानाच, मेलिसा चक्रीवादळ जमैकावर धडकलं आणि सेंट एलिझाबेथची वाताहत झाली. आंटींच्या घराच्या भिंती राहिल्या, मागच्या खोलीचे पत्रे उडाले. आमच्या जिन्यात एकाच्या जागी चार पिंपं उभी राहिली. वॉशिंग्टन किती मदत देणार, हे आपल्या काँग्रेस सदस्याला फोन करून विचारायचं त्यांनी ठरवलं, आणि मग ‘मी मतदार नाही, मला कोण उत्तर देणार?’ म्हणून फोन खाली ठेवला. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून माझ्याकडे अर्जाचा विषय काढला. हिवाळ्यात अर्ज गेला. आता संध्याकाळी आम्ही १२८ प्रश्नांची उजळणी करतो.

२०२६ची प्रायमरी २३ जूनला आहे. तोवर आंटींची मुलाखत होऊन शपथ होईल असं दिसत नाही. पण त्यांचा नातू इथे जन्मलेला, अठरा पूर्ण झालेला. त्याला वाटत होतं आपलं नाव यादीत आपोआप आलं असेल. पाहिलं तर नव्हतं. नोंदणीची मुदत १३ जून आहे, आणि फॉर्मवर पक्षाच्या रकान्यात खूण केली नाही तर न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीत मत देता येत नाही. रविवारी चर्चहून आला की त्याला फॉर्म भरायला बसवणार आहे.